भिंत बंद होण्याआधी: एका घराच्या आतील कामाच्या नोंदींचे प्रकरण

हे प्रकरण एका दुमजली घराचे आहे. माझी धाकटी बहीण, मेहुणे, त्यांची दोन मुले आणि बहिणीच्या सासूबाई अशा पाच जणांसाठी ते बांधले गेले. सांगाडा, विटकाम आणि बाहेरचा गिलावा झाल्यावर आतील काम सुरू झाले आणि त्या टप्प्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. ते माझ्याकडे येण्याचे मुख्य कारण मला वेळ होता एवढेच होते. बांधकाम हा माझा व्यवसाय नाही. पुढे जी चूक सांगितली आहे ती बरीचशी माझीच आहे, त्यामुळे ती तपशिलात मांडायला मला संकोच नाही.

आतील कामाची अडचण अशी की या टप्प्यातले प्रत्येक काम आधीचे काम झाकून टाकते. खाचा मारून त्यात नळ्या बसवल्या की गिलावा येतो, गिलाव्यावर टाइल येते, जलरोधनाच्या थरावर भरावाचा थर आणि त्यावर फरशी येते, छताच्या वायरिंगखाली जिप्समचे छत येते. सांगाड्याच्या बाबतीत खांब आणि तुळया नकाशाप्रमाणे जिथे हव्यात तिथेच असतात, कारण त्या हलवायची मुभा कोणालाच नसते. नळ आणि विजेच्या बाबतीत मात्र नकाशा हा केवळ हेतू असतो, आणि तुळई आडवी आली, खिडकीची चौकट सरकली, घरच्यांनी वॉशबेसिनची जागा बदलली, अशा कारणांनी मिस्त्री जागेवरच दुसरा मार्ग काढतात. तो मार्ग कुठल्याच कागदावर नसतो. म्हणून भिंत उघडी असतानाच्या थोड्या दिवसांत जे टिपले जाईल, तेवढेच पुढची अनेक वर्षे हाताशी राहते.

हे मला सुरुवातीपासून माहीत होते असे वाटत होते. पहिल्या दोन महिन्यांत मी रोज संध्याकाळी काम थांबल्यावर प्रत्येक खोलीचे फोटो काढले आणि खाचांतल्या नळ्यांशेजारी मोजपट्टी उभी धरून वेगळे फोटो घेतले. एकूण काम संपेपर्यंत सुमारे १,४०० फोटो जमले. ते घरच्या व्हॉट्सॲप गटावर रोज जात, सगळ्यांना काम पुढे सरकताना दिसे आणि नोंदी उत्तम चालल्या आहेत असा समज पक्का होत गेला.

वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर

सासूबाईंची खोली आधी तळमजल्यावर ठरली होती, पण उजेडासाठी त्यांनी वरची खोली मागितली. त्यामुळे तिला लागून असलेल्या न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचे ठरले, तेही टाइल बसून झाल्यावर. त्या भिंतीतून गिझरकडून शॉवरकडे जाणारी गरम पाण्याची आडवी नळी गेली होती. नकाशात ही नळी वरून, छताखालून यायची होती. तिथे तुळई असल्याने प्लंबरने ती भिंतीतून फिरवली. म्हणजे तिची एकमेव नोंद माझ्या फोटोत होती.

फोटो स्पष्ट होता. मोजपट्टीचे टोक खाली टेकलेले, नळीचा मध्य ८८० मिमीच्या खुणेवर. दांड्याची उंची सासूबाईंना भिंतीशी उभे करून, त्यांचा हात सहज कुठे टेकतो ते पाहून ८०० मिमी ठरली. नोंदीप्रमाणे दोन्हींत ८० मिमीचे अंतर होते, ते पुरेसे वाटले. सुताराने तयार फरशीपासून मोजून पेन्सिलने खूण केली, ड्रिल लावले आणि तिसऱ्या छिद्राला पाणी उडाले.

कारण साधे आहे आणि म्हणूनच खटकणारे आहे. फोटो काढला तेव्हा मोजपट्टीचे टोक कच्च्या तळावर टेकलेले होते. त्यानंतर त्या तळावर सुमारे ३ मिमी जलरोधनाचा लेप, त्याच्या रक्षणासाठी आणि उतारासाठी त्या बाजूला ५५ मिमीचा थर, ७ मिमी चिकटवणी आणि १० मिमी जाडीची टाइल एवढे चढले. एकूण ७५ मिमी. कच्च्या तळापासून ८८० वर असलेली नळी तयार फरशीपासून ८०५ वर आली. बाहेरून सुमारे २२ मिमी जाडीची ती नळी ७९४ ते ८१६ च्या पट्ट्यात होती आणि सुताराने नेमके ८०० वर छिद्र पाडले. सुताराने सांगितले तसेच केले, मोजमापही बरोबर होते. ज्या जमिनीपासून मी मोजले होते ती जमीनच आता घरात उरली नव्हती.

दुसरी उणीव पुढच्या दहा मिनिटांत कळली. त्या न्हाणीघराचा पुरवठा बंद करणारा व्हॉल्व्ह कुठला, हे तिथे हजर असलेल्या तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. डक्टमध्ये, म्हणजे नळ्या वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीत, एकसारखे पाच व्हॉल्व्ह होते. त्यांचाही फोटो माझ्याकडे होता, अगदी स्वच्छ, पण कुठला कशाचा हे त्यावर लिहिलेले नव्हते. शेवटी गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागला. तोवर पाणी उंबऱ्यावरून खोलीत आले होते आणि नळीच्या डक्टमधून खालच्या मजल्यावरच्या जिप्सम छताच्या एका फळीवर उतरले होते. जिप्समची फळी थोडा दमटपणा सोसते, पण भिजून फुगली की वाळल्यावरही पूर्ववत सपाट होत नाही; ती बदलावी लागली.

दुरुस्तीला सहा दिवस गेले. तीन टाइल काढल्या, नळीचा तुकडा कापून दोन कपलरने (नळ्यांची टोके जोडणाऱ्या तुकड्यांनी) नवा बसवला, सॉल्व्हंट सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिकच्या नळ्या चिकटवणाऱ्या द्रावाचा, जोड पक्का होण्यासाठी पूर्ण एक दिवस दिला, नंतर प्रेशर पंप लावून वापरातल्या दाबाच्या दीडपट दाबाने नळी तपासली. भिंतीवरचा जलरोधनाचा लेप जिथे फाडला होता तिथे जुन्या लेपावर चांगला चढवून नवा दिला आणि फरशीवर पाणी कोंडून ४८ तास खालचे छत पाहिले. हे सर्व चालू असताना प्लंबर बहिणीला जे म्हणाला ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले: "ताई, फोटोत पाइप दिसतोय. तो फरशीपासून किती वर, ते फोटोत नाही. तेव्हा फरशीच नव्हती ना."

मोजायचे कशापासून

प्लंबरच्या या वाक्यानंतर नोंदींची पद्धत मुळापासून बदलली. तळमजल्याच्या निम्म्या भिंती अजून उघड्या होत्या, त्यामुळे बदलाचा उपयोग होण्याजोगा वेळ हातात होता.

जाणते गवंडी फरशीचे काम सुरू करण्यापूर्वी भिंतींवर सगळीकडे एका पातळीत एक रेघ मारून घेतात. तयार फरशी जिथे येणार, तिच्यापासून बरोबर १,००० मिमी वर ही रेघ असते आणि फरशी, ओटा, खिडकीचे उंबरे, स्विचबोर्ड हे सर्व तिच्यापासून वर किंवा खाली मोजले जाते. आमच्याकडेही ती होती. निळ्या दोरीने मारलेली रेघ मी कितीतरी फोटोंत पाहिली होती आणि ती गवंड्याच्या सोयीची खूण समजून सोडून दिली होती. वास्तविक घराच्या त्या मजल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बदलणारी उंची तेवढी एकच असते. तळ बदलतो, छत खाली येते, पण रेघ ज्या पातळीत आहे ती पातळी बदलत नाही.

न्हाणीघरात तर "फरशीपासून" हा शब्दच फसवा आहे. आमच्या त्या न्हाणीघराची फरशी उंबऱ्याशी खोलीपेक्षा २० मिमी खाली आहे आणि तिथून जाळीकडे ८० ला १ असा उतार आहे. १.६ मीटरच्या अंतरात म्हणजे आणखी २० मिमीचा फरक पडतो. एकाच नळीची उंची दोन कोपऱ्यांत मोजली तर दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही खरी असतात. म्हणून मजल्याला एकच रेघ धरली, खोल्यांच्या फरशीच्या पातळीवरून, न्हाणीघरांसाठीही तीच. ज्या नळीने हे सारे घडवले तिची नवी नोंद अशी झाली: "पहिला मजला, न्हाणीघर २, भिंत क, गरम पाणी आडवी, रेघेखाली २१५." फरशीचा उल्लेख त्यात कुठेच नाही.

ही रेघ आम्ही पुन्हा तपासून घेतली. लेसर उपलब्ध नव्हता, पाण्याने भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपने काम भागले. त्या पाइपात हवेचा एखादा बुडबुडा अडकला तर दोन टोकांची पातळी चुकीची दिसते, आणि तो बुडबुडा नेमका जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यात असतो जिकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक मोजणीपूर्वी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते की नाही हे पाहण्याची शिस्त गवंड्याने आम्हाला लावली.

रेघेची अडचण अशी की रंग झाला की ती नाहीशी होते. त्यावर सुताराने उपाय सुचवला आणि तो या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. प्रत्येक दरवाजाच्या चौकटीत, बिजागरीच्या बाजूला, दार मिटले की झाकले जाईल अशा ठिकाणी रेघेच्या पातळीत एक लहान पितळी स्क्रू बसवला. पॉलिश करताना तो झाकून घ्यायचा, एवढेच पथ्य. आज कुठल्याही खोलीत मोजायचे असले की दार उघडायचे आणि स्क्रूपासून मोजायचे.

आडव्या अंतरांचा प्रश्न वेगळा होता. विटांच्या कोपऱ्यापासून मोजलेले अंतर शेजारच्या भिंतीवर गिलावा आणि टाइल चढली की तेवढ्या जाडीने कमी होते, आणि विटकाम जिथे ओळंब्यात नसेल तिथे गिलाव्याची जाडीही वर-खाली असते. यावर आम्ही प्रत्येक उभ्या नळीचे अंतर दोन्ही कोपऱ्यांपासून घेतले. दोन्हींची बेरीज म्हणजे कच्च्या भिंतीची लांबी. खोली तयार झाल्यावर तयार लांबी मोजली की दोन्ही बाजूंनी मिळून किती जाडी चढली ते कळते. ती कुठल्या बाजूला किती हे यातून कळत नाही, पण चूक जास्तीत जास्त किती असेल ते कळते, आणि ड्रिल कुठे लावू नये हे ठरवायला तेवढे पुरते.

फोटोबद्दल

फोटोंतही दोष होते, आणि ते मोजमापाच्या दोषाइतकेच शिकवणारे निघाले. अरुंद न्हाणीघरात सगळी भिंत एका चौकटीत यावी म्हणून मी फोनची रुंद लेन्स वापरली होती. तिच्यात कडेच्या रेषा वाकतात आणि कडेची अंतरे ताणली जातात. शिवाय बरेच फोटो तिरके होते. खाचेतल्या नळीचा मध्य मोजपट्टीच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ३० मिमी आत असतो. ४५ अंशांतून पाहिले तर नळी मोजपट्टीवर तेवढ्याच, म्हणजे ३० मिमीने सरकलेली दिसते. समोर उभे राहून, फोन नळीच्या उंचीवर धरून काढलेला साधा फोटो यासाठी लागतो, आणि खोली लहान असेल तर भिंतीचे तीन तुकड्यांत तीन फोटो.

भिंतींची नावेही गोंधळाची होती. "किचनकडची भिंत" हे नाव पहिल्या महिन्यात एका भिंतीला होते आणि ओट्याची जागा बदलल्यावर दुसऱ्या भिंतीला गेले. त्यानंतर दारातून आत पाहताना डावीकडून सुरू करून घड्याळाच्या दिशेने अ, ब, क, ड अशी नावे दिली आणि फोटो काढताना ते नाव व तारीख खडूने भिंतीवरच लिहिली. तारीख भिंतीवर असण्याचा फायदा असा की फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि काढल्याची वेळ, ठिकाण वगैरे माहिती तिच्यातून गळलेली असते. गटावरच्या माझ्या शेकडो फोटोंची किंमत त्या दृष्टीने फारशी नव्हती. मूळ फाइल फोनमध्ये होत्या म्हणून निभावले.

जिथे जुन्या नोंदी उपयोगी पडल्या असा एक प्रसंगही सांगायला हवा. स्वयंपाकघराच्या टाइलपूर्वी इलेक्ट्रिशियनने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरवरचे आवरण वीज बाहेर झिरपू न देता किती रोखते त्याचे माप) ५०० व्होल्ट डीसीवर मोजून दिला होता आणि मी ते आकडे उतरवून घेतले होते. घरगुती वायरिंगला किमान १ मेगाओहम लागतो. सुस्थितीतल्या नव्या वायरिंगमध्ये आकडा त्याच्या कितीतरी पट असतो, आणि आमच्या सर्व सर्किटांनी मीटरची कमाल मर्यादा गाठली होती. टाइल झाल्यावर पुन्हा मोजले तेव्हा एक सर्किट ०.६ मेगाओहमवर आले. आधीचे आकडे नसते तर वायरच खराब म्हणून ती सगळी ओढून काढायची वेळ आली असती. टाइल सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळच्या फोटोंत त्या सर्किटचे चार बॉक्स दिसत होते; तिघांच्या तोंडावर चिकटपट्टी होती आणि चौथा उघडा होता. तो उघडला तर आत चिकटवणीचे ओले पाणी उतरून जोडापर्यंत पोचलेले आढळले. बॉक्स साफ करून कोरडा केला, जोड नव्याने केला, आकडा पूर्ववत झाला. हा फोटो काढताना माझ्या मनात असे काही नव्हते, म्हणून याचे श्रेय पद्धतीला देता येणार नाही. इलेक्ट्रिशियनने मात्र दोनदा मोजण्याचा जो आग्रह धरला तो पद्धतीचाच भाग होता.

तारखांनी एक वादही मिटवला. एका खोलीत लाकडी फरशी होती आणि सुतार ती थर टाकल्यापासून ३० व्या दिवशी बसवायला आला. सिमेंटचा थर बरी हवा असताना दिवसाला साधारण १ मिमी या वेगाने सुकतो, आणि जाडी वाढत गेली की त्याहून सावकाश. थर ५० मिमीचा होता आणि तो कधी टाकला याची तारीख भिंतीवर खडूने लिहिलेली होती. तरी खात्रीसाठी सुमारे ४५ सेमी चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आत दव जमले होते. सुतार काही न बोलता दुसऱ्या खोलीच्या कपाटांकडे वळला.

शेवटी काय उरले

१,४०० फोटोंपैकी नोंदवहीत ६४ गेले. उरलेले आठवणी म्हणून चांगले आहेत, नोंद म्हणून नाहीत, आणि दोन्ही कामे एकाच ढिगातून करू पाहणे हीच मुळातली चूक होती. वहीत प्रत्येक भिंतीला एक पान आहे: हाताने काढलेली चौकट, मधून जाणारी रेघ, तिच्या वर-खाली अंतरे, नळीचा व्यास, गरम की थंड, आणि खाली त्या भिंतीच्या फोटोंचे क्रमांक. वीजफलकाच्या दाराच्या आतल्या बाजूला सर्किटांची यादी चिकटवली आहे. डक्टमधल्या पाचही व्हॉल्व्हना ॲल्युमिनियमचे बिल्ले तारेने बांधले आहेत, कारण कागदी लेबल तिथल्या दमटपणात टिकत नाही. रंगाच्या डब्यांची झाकणे शेड क्रमांकासह फोटोत आहेत.

टाइलच्या बाबतीत आम्ही एवढे शहाणे नव्हतो. एकाच नमुन्याच्या टाइलमध्येही प्रत्येक भट्टीगणिक छटा थोडी बदलते आणि म्हणून खोक्यावर छटेचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक कुठेच नोंदवला नव्हता आणि उरलेले खोके गच्चीवर शिडीखाली टेकू म्हणून वापरून फुटले होते. दुरुस्तीच्या तीन टाइल नंतर आणलेल्या आहेत. कोरड्या असताना त्या ओळखू येत नाहीत. आंघोळीनंतर भिंत ओली झाली की दांड्याच्या डाव्या टोकाशी तीन फिकट चौकोन दिसतात.

वरच्या मजल्याच्या ज्या भिंती पद्धत बदलण्यापूर्वीच बंद झाल्या होत्या, त्यांची मापे मागाहून दुरुस्त करावी लागली. उंबऱ्याशी फरशीचे थर बाजूने कापलेले दिसतात असे काही फोटो होते. त्यांवरून चढलेली जाडी काढून जुनी मापे रेघेवर आणली. गरम पाण्याच्या नळ्यांची पडताळणी उसन्या आणलेल्या थर्मल कॅमेऱ्याने केली. गरम पाणी काही मिनिटे सोडले की टाइलवर उबदार पट्टा दिसतो. तो नळीपेक्षा बराच रुंद असतो आणि त्याचा मध्य धरून मोजावे लागते, पण हिशेबाने काढलेल्या आकड्यांशी ते जुळले. थंड पाण्याच्या नळ्या भिंतीच्याच तापमानाच्या असल्याने त्या अशा दिसत नाहीत. दोन भिंतींत फक्त थंड पाण्याच्याच नळ्या आहेत आणि तिथले उंबऱ्याचे फोटोही नाहीत. त्या दोन पानांवर लाल शाईने "अंदाजे, दोन्ही बाजूंना ४० मिमी धरावे" असे लिहिले आहे. त्यांपैकी एक भिंत सासूबाईंच्याच न्हाणीघरात, वॉशबेसिनच्या बाजूला आहे. तिथे टॉवेलची दांडी हवी होती. ती दाराच्या आतल्या बाजूला बसवली आहे.